विमान लेट झालं, रद्द झालं: भरपाई कधी मिळते, किती मिळते आणि मागायची कशी?

दर शनिवारी संध्याकाळी मी पुण्यातल्या आमच्या भागातल्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसते. फ्रिज, बिल्डर, मोबाइल या नेहमीच्या तक्रारींच्या रांगेत आता विमानकंपन्याही येऊन बसल्या आहेत. लोक येतात ते बहुधा चुकीचा प्रश्न घेऊन. "किती तास लेट झालं" हे ते तावातावाने सांगतात, पण "कंपनीने तुम्हाला कळवलं कधी?" असं विचारलं की मोबाइल चाचपायला लागतात. आपल्याकडच्या नियमांत पैशाचा सगळा खेळ या दुसऱ्या प्रश्नावर आहे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

पुण्याहून दिल्लीचं विमान पाच तास उशिरा सुटलं. भरपाई किती मिळेल?

डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी महासंचालनालयाच्या, नियमाने रोख भरपाई शून्य. ऐकायला वाईट वाटतं, पण हे आधी कळलेलं बरं. देशांतर्गत प्रवासात निव्वळ उशिरासाठी ठरावीक रक्कम देण्याची तरतूद आपल्याकडे नाही. "युरोपात सहाशे युरो मिळतात" हे व्हॉट्सॲपवर फिरतं ते खरं आहे, पण ते युरोपात. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

उशीर झाल्यावर मिळतात त्या सोयी, आणि उशीर फारच लांबला तर तिकिटाचे पैसे परत घेण्याचा पर्याय. उशिरामुळे खरंच नुकसान झालं असेल आणि दोष कंपनीचा असेल, तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तो वेगळा रस्ता आहे, लांबचा आहे.

मग उशीर झाल्यावर हक्काचं असं काय आहे?

तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असेल तर खाणंपिणं. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर होणार असेल तर, अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तास आणि त्याहून लांबच्या प्रवासाला चार तास. पुणे–दिल्ली सव्वादोन तासांच्या आसपासचं आहे, म्हणजे दोन तासांच्या उशिरावर खाणं मिळायला हवं.

देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, असा पर्याय कंपनीने द्यायचा असतो. उशीर २४ तासांच्या वर गेला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल आणि तिथवर नेण्या-आणण्याची गाडीही कंपनीची.

प्रत्यक्षात काय होतं ते मी स्वतः बघितलंय. एका जानेवारीत मी पुण्याहून दिल्लीला निघाले होते, सकाळचं विमान, दिल्लीत धुकं. पाटीवर वेळ पाऊण तासाने सरकली. मग परत पाऊण तासाने. मग परत. शेजारी बसलेल्या आजोबांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "अगं, दर वेळी पाऊणच तास कसा वाढतो? एकदम तीन तास सांगितलंत तर घरी जाऊन आंघोळ तरी करून येईन." ती बिचारी हसली. खाण्याचं कुणी नाव काढेना. शेवटी मी मूळ वेळ दाखवणारं तिकीट आणि पाटीचा फोटो शेजारी शेजारी धरून म्हटलं, मूळ वेळेपासून मोजा, दोन तास होऊन गेलेत. दहा मिनिटांत गरम पाणी ओतून करायच्या उपम्याचे डबे आणि फळांच्या रसाचे खोके आले. उपमा कच्चट होता, पण रांगेतल्या सगळ्यांना मिळाला.

उशीर नेहमी मूळ वेळेपासून मोजायचा, मागच्या घोषणेपासून नाही. आणि पाटी बदलली की दर वेळी फोटो काढायचा.

विमान रद्द झालं तर?

इथे पैसे आहेत. कंपनीने दोन आठवडे आधी किंवा निदान २४ तास आधी कळवलं आणि दुसरं विमान किंवा परतावा यांतलं तुम्हाला हवं ते दिलं, तर वेगळी भरपाई नाही. असं न कळवता रद्द केलं, तर तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान हे तर आहेच, शिवाय भरपाई.

प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५०० रुपये, दोन तासांहून जास्त असेल तर १०,००० रुपये. पण या आकड्यांना एक शेपूट आहे. ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. केंद्रात येणारा प्रत्येक जण दहा हजार मिळणार म्हणून येतो आणि हे शेपूट ऐकून हिरमुसतो.

पुणे–नागपूर घ्या. प्रवास साधारण दीड तासाच्या आतला, म्हणजे मर्यादा ७,५०० ची. तुम्ही एकूण ४,९०० भरलेत आणि त्यात मूळ भाडं व इंधन अधिभार मिळून ३,७०० असेल, तर भरपाई ३,७००. त्याशिवाय ४,९०० चा परतावा किंवा दुसरं विमान वेगळं. पुणे–दिल्लीचं दिवाळीतलं १३,००० मूळ भाड्याचं तिकीट असेल, तर मात्र १०,००० वर गाडी थांबते.

प्रवासाचा वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामाला जागेवर उभं राहीपर्यंतचा. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली की मिळतो.

मूळ भाडं किती, हे तिकिटावर दिसतच नाही.

ईमेलने आलेल्या तिकिटाच्या तळाशी भाड्याची फोड असते. मूळ भाडं, इंधन अधिभार, विमानतळाची यूजर डेव्हलपमेंट फी, सुरक्षा शुल्क, जीएसटी, कन्व्हिनियन्स फी. भरपाईच्या हिशेबात पहिल्या दोनच ओळी धरतात. ॲपवर फक्त एकूण रक्कम दिसत असेल तर जीएसटीचं इनव्हॉइस डाउनलोड करा, त्यात हिशेब सापडतो.

कंपनी म्हणते आम्ही मेसेज पाठवला होता. मला मिळालाच नाही.

निम्मी प्रकरणं इथेच अडकतात. तिकीट काढताना तुमचा नीट संपर्क दिलेला नसेल तर भरपाई देण्याचं बंधन कंपनीवर नाही, असं नियमच सांगतो. आणि आपल्याकडे तिकीट काढतो भाचा, नंबर असतो एजंटचा, प्रवास करतात मावशी. मेसेज एजंटच्या मोबाइलवर पोहोचलेला असतो आणि कंपनीच्या दृष्टीने मावशींना कळवून झालेलं असतं.

म्हणून तिकीट दुसऱ्याने काढलं असेल तर पीएनआर घालून कंपनीच्या साइटवर जा आणि स्वतःचा नंबर व ईमेल घाला. दोन मिनिटांचं काम आहे. नंबर बरोबर असूनही मेसेज आला नसेल, तर तो कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या नंबरवर पाठवला याचा पुरावा कंपनीकडे लेखी मागा.

रद्द होण्याचं कारण "ऑपरेशनल" असं लिहून आलंय. म्हणजे नक्की काय?

म्हणजे काहीही. ज्यावर कंपनीचा ताबा नाही अशा कारणांसाठी भरपाई द्यावी लागत नाही: खराब हवामान, पूर, दंगल, स्फोट, राजकीय अस्थिरता, सरकारी आदेश, संप, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणाने घातलेली बंदी. "ऑपरेशनल" हा शब्द या यादीत बसतोच असं नाही. वैमानिक कमी पडले, विमान दुसऱ्या मार्गावर वळवलं, प्रवासी कमी भरले म्हणून दोन विमानांचं एक केलं, हे सगळं "ऑपरेशनल"च.

तक्रारीत सरळ विचारा की नेमकं कारण कोणतं आणि ते नियमातल्या कोणत्या अपवादात बसतं. हवामानाचं कारण सांगत असतील तर त्याच वेळी त्याच मार्गावर दुसऱ्या कंपन्यांची विमानं उडाली का ते पाहा. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. एवढ्याने खटला जिंकता येत नाही, पण समोरचा माणूस ठोकळेबाज उत्तर द्यायचं थांबतो.

धुक्यामुळे विमानात तासन् तास बसवून ठेवलं, पाणीसुद्धा दिलं नाही. हवामानाचं कारण म्हणजे काहीच मागता येत नाही का?

भरपाई आणि सोयी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण गेलेलं आहे. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीहून हैदराबादला जाणारा एक प्रवासी धुक्यामुळे कित्येक तास विमानातच बसून राहिला. इंटरग्लोब एव्हिएशन (म्हणजे इंडिगो) विरुद्ध एन. सच्चिदानंद या खटल्यात २०११ साली न्यायालयाने म्हटलं, की धुक्याने आणि नियंत्रण कक्षाची परवानगी नसल्याने झालेल्या उशिराचा दोष कंपनीवर येत नाही. प्रवाशाला खालच्या पातळीवरच्या निकालात मिळालेली भरपाई सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पण त्याच निकालात हेही आहे, की अडकलेल्या प्रवाशांची किमान काळजी कंपनीने घ्यायलाच हवी, आणि तिकीट स्वस्त आहे म्हणून स्वस्त कंपनीची यातून सुटका नाही. "आमची लो-कॉस्ट एअरलाइन आहे, मॅडम" असं उत्तर आलं तर हा खटला सांगा.

कंपनीने लिंक पाठवली: "येथे क्लिक करून तिकीट रद्द करा". करू का?

थांबा. या लिंका दोन प्रकारच्या असतात. एकीवर "विमान कंपनीने रद्द केले आहे, परतावा घ्या किंवा दुसरं विमान निवडा" असं असतं. तिथे हवं ते निवडायला हरकत नाही. दुसरी नेहमीची कॅन्सलेशनची असते. विमान नुसतं लेट असताना घाबरून तुम्ही तिथे तिकीट रद्द केलंत, की कागदावर ते तुम्ही रद्द केलेलं होतं. मग रद्द करण्याचा आकार कापला जातो आणि पुढे विमान खरंच रद्द झालं तरी भरपाईचा प्रश्न संपतो. लेट विमान नको असेल, तर आधी कंपनीकडून "पूर्ण परतावा" हे शब्द चॅटवर किंवा ईमेलवर मिळवा, मग पुढचं.

रोख पैशांऐवजी व्हाउचर देतायत.

तुमची संमती असेल तरच. वर्षातून चार वेळा उडणाऱ्याने घ्यावं, एकदाच काशीयात्रेला गेलेल्याने घेऊ नये. घेतलंत तर वापराची मुदत आणि नावावर बांधलेलं आहे का, एवढं बघा.

तिकीट पक्कं होतं, वेळेत पोहोचलो, तरी "जागा नाही" म्हणाले.

हे ओव्हरबुकिंग. भरपाई इथे सगळ्यात चांगली आहे आणि लोक ती सगळ्यात कमी मागतात. कंपनीने आधी स्वखुशीने मागे राहणारे प्रवासी शोधायचे असतात. तुम्हाला इच्छेविरुद्ध ठेवलं आणि एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं, तर काही नाही. २४ तासांच्या आतलं दिलं, तर मूळ भाडं अधिक इंधन अधिभाराच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्यानंतरचं दिलं, तर ४०० टक्के, कमाल २०,०००. दुसरं विमान नकोच असेल, तर पूर्ण परतावा आणि वर ४०० टक्के, तीच २०,००० ची मर्यादा.

मात्र काउंटर बंद झाल्यावर पोहोचलात किंवा गेटवर उशिरा गेलात, तर ते यात बसत नाही. म्हणून बोर्डिंग पास किंवा काउंटरवर पोहोचल्याची वेळ दाखवणारं काहीतरी हवं. जागा नाकारल्याचं तिथल्या तिथे लिहून मागा. देत नसतील तर काउंटरवर उभं राहूनच कंपनीला ईमेल टाका, त्यावर वेळ आपोआप पडते.

पहिलं विमान लेट झालं म्हणून पुढचं चुकलं.

दोन्ही एकाच तिकिटावर असतील तर तुम्हाला मुक्कामी पोहोचवणं ही कंपनीची जबाबदारी. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. दिल्लीहून मुंबईला येऊन कोकणकन्या पकडायची होती आणि ती चुकली, हेही तसंच. नियमात त्याचे पैसे नाहीत, नुकसान म्हणून आयोगात मागता येतं, पण सिद्ध करावं लागतं.

वरच्या वर्गाचं तिकीट होतं, इकॉनॉमीत बसवलं.

फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत. परदेशी प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के.

मुलगा जर्मनीत असतो. आम्ही मुंबई–फ्रँकफर्ट जा-ये करतो. तिथला नियम आम्हाला लागू होतो का?

होतो, पण अर्धा. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम तुमचा पासपोर्ट बघत नाही. तो बघतो विमान कुठून निघालं आणि कंपनी कुठली. युरोपीय संघातून निघणारं कोणतंही विमान त्यात येतं, मग कंपनी भारतीय असो की आखाती. संघात येणारं विमान मात्र कंपनी युरोपीय असेल तरच येतं. म्हणजे मुंबईहून फ्रँकफर्टला लुफ्तान्झाने गेलात तर जाताना-येताना दोन्हीकडे संरक्षण. एअर इंडियाने गेलात तर फक्त परतीला. फ्रँकफर्टहून दुबईमार्गे मुंबई असं एकच बुकिंग असेल, तर तेही परतीचं म्हणून धरलं जातं.

मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचलात, तर १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, मधल्या अंतराला ४०० आणि ३,५०० किलोमीटरच्या वर ६००. मुंबई शेवटच्या गटात. या गटात उशीर तीन ते चार तासांचा असेल तर कंपनी रक्कम निम्मी करू शकते. पोहोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकल्याची नाही, विमानाचं दार उघडल्याची. मोबाइल काढा आणि दार उघडताना घड्याळ टिपा. अशा वीस मिनिटांवर पैसे अडलेले असतात.

तिकडे तांत्रिक बिघाड हे सहसा सुटकेचं कारण धरलं जात नाही. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच ते स्पष्ट केलंय. ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटनंतर तसाच स्वतःचा नियम आहे, लांबच्या प्रवासाला ५२० पौंड. मुदतही आपल्यापेक्षा ऐसपैस: इंग्लंडमध्ये सहा वर्षं, जर्मनीत तीन. त्यामुळे गेल्या वर्षीची परतीची फेरी आठवत असेल तर तिकीट शोधा.

दावा कंपनीच्या साइटवरच्या फॉर्मवर स्वतः करा. मध्यस्थ कंपन्या जाहिराती करतात, पण रकमेतला मोठा वाटा कापून घेतात. पहिलं पत्र फेटाळलं गेलं तरच त्यांचा विचार करावा.

आणि युरोपशी संबंध नसलेला परदेश प्रवास?

तिथे मॉन्ट्रियल करार, म्हणजे विमान कंपनीची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार. भारत २००९ पासून त्यात आहे. उशिराने झालेलं प्रत्यक्ष नुकसान, म्हणजे बुडालेलं हॉटेल, नव्याने काढलेलं तिकीट, पावत्या दाखवून मागता येतं. कराराची मर्यादा डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे ६,३०३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. शक्य ते सगळं केलं हे कंपनीने सिद्ध केलं तर ती सुटते. दाव्याला मुदत दोन वर्षं. बॅग उशिरा मिळाली असेल तर ती हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार हवी.

कंपनीला मोठा दंड झाल्याचं वाचलं. त्यातले पैसे आम्हाला मिळतात का?

नाही. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान मुंबईत उतरवलं गेलं आणि प्रवासी धावपट्टीलगत जमिनीवर बसून जेवले, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. कंपनीला १.२० कोटींचा दंड झाला, विमानतळालाही झाला. तो सरकारजमा. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, ५ तारखेला तर एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली, तेव्हाही दंड वेगळा आणि प्रवाशांचे पैसे वेगळे. आपले पैसे आपणच मागायचे.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी कंपनीकडे, लेखी. कॉल सेंटरवरच्या अर्ध्या तासाच्या गप्पांना पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. साइटवर नोडल अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्याच्यावर अपील अधिकारी असतो. मजकूर लहान ठेवा. त्यातला सीएआर म्हणजे डीजीसीएची नियमावली. इंग्रजीत पाठवलंत तर उत्तर लवकर येतं, पण गाभा हाच:

"पीएनआर अमुक. तारीख अमुक, पुणे–नागपूर, नियोजित वेळ सायं. ६.१०. विमान रद्द झाल्याचा संदेश त्याच दिवशी दुपारी ३.४२ वाजता मिळाला. तिकिटावर माझा मोबाइल व ईमेल नोंदवलेला आहे. डीजीसीएच्या सीएआर, विभाग ३, मालिका एम, भाग ४ नुसार मूळ भाडे व इंधन अधिभार मिळून ३,७०० रुपये भरपाई खालील बँक खात्यात जमा करावी. आपण अपवादाचे कारण सांगत असल्यास ते पुराव्यासह कळवावे."

मनस्तापाचा परिच्छेद घालू नका. तो आयोगासाठी राखून ठेवा, तिथे त्याला किंमत आहे.

कंपनी दाद देत नसेल तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद होते आणि मराठीत बोलता येतं. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी. तिकिटाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षं. इथे भरपाईशिवाय मानसिक त्रास आणि खर्च मागता येतो, आणि डीजीसीएच्या मर्यादेपलीकडची रक्कमही आयोग देऊ शकतो.

तारखा पडतात, हेही सांगून ठेवते. नुसत्या ३,७०० रुपयांसाठी जावं का, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. मात्र आयोगाची नोटीस गेल्यावर कंपनीचा तडजोडीसाठी फोन आलेला मी बऱ्याचदा पाहिलाय. तेव्हा रक्कम बोलून ठरवा, लेखी घ्या, आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत तक्रार मागे घेऊ नका.

केंद्रात येताना काय आणायचं?

तिकीट, भाड्याची फोड, कंपनीचे मेसेज वेळेसकट, पाटीचे फोटो, बोर्डिंग पास, तुम्ही खर्च केला असेल तर त्याच्या पावत्या. मेसेज पुसले असतील तर ईमेलची कचरापेटी बघा, तिथे बरेचदा सापडतात. आणि तिकीट भाच्याने काढलं असेल, तर भाच्यालाही घेऊन या.